डोंगराचे स्क्रू

आमच्या ऑफिसात एक नियम होता. तपासून उरलेली माती, रिपोर्ट मंजूर झाल्याचं कळेपर्यंत टाकायची नाही. आता सरकारात रिपोर्ट मंजूर झाल्याचं कुणी कुणाला कळवतं का? त्यामुळे डबे साठत गेले. टेबलाखाली डबे, खिडकीत डबे, कपाटावर डबे! किस्सेही तसेच साठले. टाका असं कुणी म्हटलं नाही, म्हणून राहिले. आज तुम्ही बसलाच आहात, तर चार डबे उघडते.

आधी माणसं सांगते, नाहीतर गोंधळ व्हायचा. पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला पत्र्याच्या शेडमध्ये आमची माती तपासायची लॅबोरेटरी. कर्णिकसाहेब मुख्य. दिवेकर म्हणजे नवा इंजिनियर, पांढऱ्या पँटवर डाग चालायचा नाही, आणि काम मात्र चिखलाचं! तुकाराम गावडे अटेंडंट, मूळचा मालवणकडचा. आणि मी, कमल वैद्य, बी.एस्सी. आकडे लिहायचे, हिशेब करायचा, ग्राफ काढायचा. लॅबमध्ये आम्ही चौघंच.

त्या वर्षी आमच्याकडे एकच मोठं काम होतं, ते म्हणजे भांडुपचा एक डोंगर. आदल्या पावसाळ्यात त्याच्या अंगावर लांब भेग पडली होती. खाली बावीस खोल्यांची बैठी चाळ. पुढच्या पावसात डोंगर उभा राहणार की खाली येणार, एवढंच आम्हाला मातीला विचारायचं होतं. चाळीतली सातवी खोली गावड्याची होती.

*

माझं काम लोकांना समजावून सांगणं हीच एक परीक्षा असायची. मला बघायला बोरीवलीहून मंडळी आली. मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी ऑफिसात करते काय?"

वडिलांनी घसा खाकरला. बिचाऱ्यांना मी दहा वेळा सांगितलं होतं. पितळेची चौकोनी डबी असते, मधोमध आडवी कापलेली. वरचा अर्धा वेगळा, खालचा वेगळा. आत माती भरायची. डोक्यावर वजन ठेवायचं, तो डोंगराचा भार. मग वरच्या अर्ध्याला तार बांधायची, ती कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाच्या पारड्यात एकेक वजन टाकत जायचं. कुठल्या तरी वजनाला आतली माती कातरली जाते आणि वरचा अर्धा सर्रकन पुढे येतो. ते वजन लिहून ठेवायचं. जितकं जास्त, तितकी माती भक्कम. इतकं सोपं!

वडील म्हणाले, "ही मातीला ओढते, आणि ती किती ओढल्यावर हलते ते लिहून ठेवते."

मुलाच्या आईने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. तोपर्यंत त्या गृहस्थांनी पोह्यांच्या बशीवरून मानसुद्धा वर केली नव्हती.

"मग हिचं आमच्याकडे झकास जमेल," त्या म्हणाल्या.

जमलंही. पुढे चाळीस वर्षं सासऱ्यांना अंघोळीला उठवायचं काम माझ्याकडे होतं.

*

कर्णिकसाहेब माती दातांनी तपासत. हसू नका, ती जुन्या लोकांची पद्धतच होती. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरायची. करकर लागली तर रेतीचा अंश, नुसती चिकट लागली तर चिकणमाती. मग शांतपणे चूळ भरायची. आमच्या यंत्राला दोन दिवस लागत, साहेबांच्या दातांना अर्धं मिनिट.

एकदा मुलुंडचे एक कंत्राटदार भेटायला आले. शेटजी माणूस, कपाळाला गंध, पायांतल्या वहाणा बाहेर काढून आत आले. साहेब तेव्हा भांडुपची पिवळी माती चावत होते. तोंडात माती म्हणून बोलता येईना. त्यांनी हाताने 'बसा' अशी खूण केली. त्याच हातात मातीची बशी होती!

शेटजी बसले नाहीत. पुढे झाले, उजव्या हाताखाली डावा धरून बशीतली चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

आम्ही तिघं थिजलो. साहेबांचे डोळे मोठे झाले, पण चूळ भरल्याशिवाय बोलायचं कसं?

शेटजींनी डोळे मिटून ती माती गिळली. मग हात जोडून म्हणाले, "कुठल्या देवस्थानचा?"

साहेब मोरीकडे धावले. ते चूळ भरून परत आले तेव्हा शेटजी घरच्यांसाठी कागदात थोडी बांधून घेत होते.

*

डोंगरावरून माती आणायची म्हणजे खणून पोत्यात भरायची, असं नाही. जशी आत होती तशीच, हिसका न लागता आणावी लागते. सुटी झाली तर तिच्या बळाचा आकडाच बदलतो. साहेबांचं वाक्य ठरलेलं, "आपण तिला हलवलंय, हे मातीला कळता कामा नये."

म्हणून नळीत अलगद माती घ्यायची, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची. पहिल्यांदा गेले दिवेकर आणि गावडे. दिवेकर भांडुप ते घाटकोपर अख्खा रस्ता टांग्यात, मांडीवर नळी घेऊन, एक हात खाली आणि एक वर! खड्डा दिसला की टांगेवाल्याला ओरडायचे, "हळू! हळू!" टांगेवाला शेवटी म्हणाला, "साहब, इतना आहिस्ता तो हम दुल्हन को भी नहीं लाया."

गावडे मागच्या बाजूला, लोंबत्या पायांनी, कुदळ-फावडी सांभाळत. प्रत्येक खड्डा त्याच्याच वाट्याला.

लॅबमध्ये आल्यावर दिवेकरांनी नळी कापसावर ठेवली, पांढऱ्या पँटवरचा चिखल बघितला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "साहेब, एक धक्का लागू दिला नाही!"

गावडे कमरेला हात लावून हळूहळू सरळ झाला. तसा तो साहेबांपुढे फार बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला.

"साहेबानू, माका मालवणातसून मुंबैक आणलो, तेवा कोणी असो मांडयेर घेवक नाय!"

*

डोंगरावर खड्डे खणायचं काम चाललं होतं तेव्हा गावड्याची म्हातारी आई रोज वर येऊन बसायची. तिला सगळे आये म्हणत. नऊवारी नेसलेली, लहानखुरी, तोंडात मिश्री. साहेब खड्ड्यात उतरले की वरून विचारायची, "गावली काय रे?"

पहिल्या दोन खड्ड्यांत लाल मुरूम लागला. चांगला, भक्कम. दिवेकर खूश. तिसऱ्यात डोक्याइतक्या खोलीवर पिवळी, लोण्यासारखी माती लागली, जेमतेम वीतभर थर. आये खड्ड्यात वाकून म्हणाली, "ही माती चुलीक लावची नाय. एकदा मी लायलंय. पेजेचा पाणी उतू गेला आणि सगळो लेप सरकान खाली इलो."

दिवेकर मला म्हणाले, "मिस वैद्य, हे लिहू नका."

साहेब खड्ड्यातून म्हणाले, "वैद्यबाई, हे आधी लिहा!"

मी लिहिलं. त्या सरकारी वहीत अजून असेल ते, माझ्याच अक्षरात. थराची खोली, रंग, ओलावा आणि शेवटच्या रकान्यात, 'पाणी लागल्यास चूल उतरते.'

*

आता जो किस्सा सांगते त्यात मी चुकले होते. आज हसून सांगते.

मघाच्या त्या डबीला दोन स्क्रू असतात. माती भरताना वरचा आणि खालचा अर्धा एकमेकांवरून हलू नये, म्हणून ते घट्ट लावायचे. ओढायला सुरुवात करण्यापूर्वी मात्र आठवणीने काढायचे. ते राहिले तर आपण माती ओढतच नाही, पितळ ओढतो! म्हणून साहेबांनी पद्धत घालून दिली होती. गावड्याने मोठ्याने म्हणायचं, "स्क्रू?" मी डबीकडे बघायचं, म्हणायचं, "काढले!" आणि वहीत खूण करायची. मगच पहिलं वजन.

आता हे दिवसातून दहा वेळा. आरतीत आपण टाळ्या वाजवतो, लक्ष असतं का? तो "स्क्रू?" म्हणायचा, मी "काढले!" म्हणायची. त्याला वाटायचं बाईने बघितलं, मला वाटायचं गावड्याने काढले.

भांडुपच्या पिवळ्या मातीच्या तीन चाचण्या होत्या. डोक्यावर कमी भार, मधला भार, आणि मोठा भार. तिन्हीचे ठिपके ग्राफवर मांडून रेघ काढायची. रेघ जितकी उभी, तितका डोंगर सुरक्षित. शनिवार होता, अर्धा दिवस. साहेब पुण्याला लग्नाला गेलेले. पहिल्या दोन चाचण्या झाल्या, आणि तेवढ्यात गावड्याने आयेने दिलेली खाज्याची पुडी सोडली. बेसनाच्या कांड्या, गुळात घोळलेल्या, वर आल्याचा ठसका! तोंड भरलेलं असतानाच आवाज आला, "स्क्रू?"

"काढले!" मी म्हणाले, आणि दुसरी कांडी उचलली.

दिवेकर वजनं टाकू लागले. माती हलेना. आणखी टाकली. हलेना! शेवटी पेटीतली वजनं संपली. दिवेकर नाचायचेच बाकी होते. "गावडे, काय माती आहे तुमच्या डोंगराची! पेटी रिकामी झाली, पण सरकत नाही!" मी रेघ काढली. चांगली उभी आली. गावड्याने ती रेघ बोट न लावता, वरूनच खालपासून टोकापर्यंत बघितली. "म्हणजे खोली रवली?" त्याने विचारलं. दिवेकर म्हणाले, "राहिली!"

उरलेलं खाजं आम्ही सगळ्यांनी मिळून संपवलं.

*

सोमवारी सकाळी गावडे डबी धुवायला बसला. मी माझ्या टेबलाशी. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही म्हणून मान वर केली, तर तो डबीकडे बघत नुसता बसलेला.

"कमलबाय," तो म्हणाला, "ह्यो भायर येणा नाय."

तिसऱ्या चाचणीचे दोन्ही स्क्रू जागेवर होते. एक वाकला होता.

बघा हं. खोलीत आम्ही दोघंच होतो. दिवेकर यायचे होते, साहेबांची गाडी दुपारची. पक्कड घेऊन स्क्रू उपटला असता आणि त्याच्या जागी नवा ठेवला असता, तर कुणाला कळलं नसतं. त्याची खोली राहिली असती, माझी अब्रू राहिली असती. मी खरं सांगते, माझ्या मनात आलं. त्याच्या मनात आलं की नाही, मला माहीत नाही. त्याने डबी तशीच उचलली आणि साहेबांच्या टेबलावर मधोमध ठेवली.

"ती रेघ खोटी, बाय," एवढंच म्हणाला.

आणि मला आठवलं, रिपोर्ट तर मी शनिवारीच दिवेकरांची सही घेऊन टपालात दिला होता! मी चपला न घालता धावले. टपालाची खोली म्हणजे शेडच्या मागे एक टेबल आणि त्यावर धोंडोपंत. मी धापा टाकत विचारलं, "भांडुपचा रिपोर्ट गेला?"

धोंडोपंतांनी चष्मा वर केला. "वैद्यबाई, घाई करू नका. जाईल. बारनिशीत नोंद झाली पाहिजे, नोंदीला नंबर पडला पाहिजे, नंबराला हेडक्लार्कची सही पाहिजे, आणि हेडक्लार्क गुरुवारपासून मूळव्याधीच्या रजेवर आहेत."

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. धोंडोपंतांना शेवटपर्यंत वाटत होतं की माझं लग्न ठरलं.

*

साहेब आले. डबी बघितली. ओरडले नाहीत, ते ओरडतच नसत. म्हणाले, "आजपासून काढलेले स्क्रू वैद्यबाईंच्या मुठीत. चाचणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही." मग नवी माती घेतली, तिला पाणी पाजून चाचण्या पुन्हा केल्या. या खेपेला पेटीतली निम्मीसुद्धा वजनं लागली नाहीत. रेघ पार आडवी झाली. रिपोर्ट गेला, 'पावसापूर्वी खोल्या रिकाम्या कराव्यात.' नोटिसा लागल्या. जवळच्या शाळेत पावसाळा सरेपर्यंत सोय झाली.

आणि चाळ हलेना! कारण आये हलेना, आणि ती हलल्याशिवाय बाकीचे कोण हलणार? गावडे समजावून थकला. तिचं एकच. "डोंगर खंय जाता? आणि मी तरी खंय जातलंय?"

मे महिना अर्धा उलटला. शेवटी साहेब म्हणाले, "गावडे, आईंना इथे घेऊन या."

आये आली. साहेबांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. तिच्यासमोर डबीत पिवळी माती भरली, स्क्रू लावलेले ठेवले, आणि वजनं तिच्या हातात दिली. "आजी, तुम्हीच टाका."

तिने एक टाकलं. दुसरं टाकलं. दहा टाकली. डबी ढिम्म! ती दिवेकरांकडे बघून हसली. तिचा डोंगर जिंकला होता.

साहेबांनी वजनं उतरवली. दोन्ही स्क्रू तिच्या डोळ्यांसमोर काढले आणि माझ्या मुठीत दिले. "आता टाका."

पहिलं. दुसरं. तिसऱ्याला सर्रकन वरचा अर्धा पुढे आला आणि पारडं खाली आदळलं. आये दचकली.  मग उठून माझ्याजवळ आली, माझी मूठ उघडली, दोन्ही स्क्रू निरखून बघितले.

"आणि डोंगराक असले इस्क्रू खंय असत?"

"नाहीत, आजी," साहेब म्हणाले.

तिने स्क्रू माझ्या मुठीत परत ठेवले आणि पदर खोचला.

"तुकाराम, चल. खाट आदी काढ."

दोन दिवसांत बावीस खोल्या रिकाम्या झाल्या.

*

जुलै. चार दिवस पाऊस थांबलाच नव्हता. सकाळी साडेनऊला मी शेडपाशी पोहोचले तर दाराला कुलूप. किल्ली गावड्याकडे असायची आणि तो नवाच्या आत हजर असायचा. इतक्या वर्षांत एकदाही उशीर नाही. दिवेकर आले, साहेब आले. आम्ही तिघं पागोळ्यांखाली उभे.

दहाला भांडुपच्या तबेल्याचा दूधवाला भय्या आला. सायकलवरूनच ओरडला, "साहब, उधर पहाड बैठ गया! नीचे का सब कमरा दब गया!"

"आदमी?" साहेबांनी विचारलं.

"आदमी लोग तो इस्कूल में है, सब सलामत." मला रडूच फुटलं, इतकं हायसं वाटलं. सगळी बावीस कुटुंबं सुखरूप! दिवेकरांनी साहेबांचा हात धरून गदागदा हलवला. पण भय्या पुढे म्हणाला, "बस, वो तुम्हारा गावडे नहीं दिखता. सबेरे उधरही गया था, पहाड के पास. बुढिया ढूंढती है."

 दिवेकर छत्रीसुद्धा न उघडता स्टेशनाकडे धावले. मी पायरीवर बसले. माझ्या मुठी आवळलेल्या होत्या, स्क्रू नसतानाही. कर्णिकसाहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. पावसाने बाहेर ठेवलेल्या एका डब्याचं झाकण निघालं होतं. साहेबांनी त्यातली चिमूटभर माती दातांत धरली, आणि चूळ न भरता तशीच चावत राहिले.

साडेअकरा झाले. पावणेबारा.

फाटकाशी एक टांगा आला, इतका हळू की घोडा झोपलाय असं वाटावं. मागच्या बाकावर गावडे. छातीपर्यंत पिवळा चिखल, डोक्यावर गोणपाट. हलत नव्हता. दोन्ही हातांनी मांडीवर काहीतरी धरून बसला होता.

साहेब पावसात धावले. त्यांचा चढलेला आवाज मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला. "अहो, कुठे होता तुम्ही? कुठे होता?"

गावड्याने आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मांडीवरचं ते दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. आयेचा पेजेचा टोप होता, आयेच्याच लुगड्याच्या ओल्या तुकड्याने घट्ट बांधलेला.

"सरकली थयचीच असा, साहेबानू. ताजी," तो म्हणाला. "एक धक्को लागूक दिलंय नाय. मांडयेर घेवन इलंय."